न भरलेली वर्गणी : मध्य अमेरिकेच्या संघराज्याचा उदय आणि अस्त



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा रिवाज आहे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या दारात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा चालकांनी आम्हाला बोलावले ते विद्वत्तेसाठी खास नव्हे. तीस वर्षे आम्ही कामगारांच्या संघटना बांधण्याचे काम करीत आहोत. चार युनियना जमवून त्यांचे फेडरेशन करायचे, ते टिकवायचे, आणि कधी कधी ते डोळ्यांदेखत मोडताना पाहायचे, हा आमचा धंदा. म्हणून आम्ही आज एका मोडलेल्या फेडरेशनचीच कथा सांगणार आहोत. फरक इतकाच की हे फेडरेशन कामगारांचे नव्हे, पाच राज्यांचे होते.

अमेरिका खंडाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. उत्तरेस मेक्सिको, दक्षिणेस पनामा, आणि मध्ये दोन महासागरांच्या चिमटीत सापडलेली चिंचोळी भूमी. डोंगर, ज्वालामुखी आणि दाट रान. आज तेथे ग्वाटेमाला, एल साल्वाडोर, होंडुरास, निकाराग्वा आणि कोस्टा रिका असे पाच स्वतंत्र देश आहेत. १८२३ पासून सुमारे सतरा वर्षे हे पाचही मिळून एक संघराज्य होते. त्याची लोकसंख्या अंदाजे १२ लाख. त्यांत मोठा भाग मूळच्या इंडियन शेतकऱ्यांचा आणि मिश्र रक्ताच्या गोरगरिबांचा. वर मूठभर स्पॅनिश वंशाचे जमीनदार, व्यापारी, वकील आणि धर्मगुरू. परदेशी जाणारा माल म्हणजे मुख्यतः रंग : ग्वाटेमालाचा किरमिजी रंग आणि साल्वाडोरची नीळ. नीळ म्हटली की आपल्याला बंगालचे मळेवाले आणि १९१७ चे चंपारण आठवते. त्याच बंगालच्या निळीने युरोपच्या बाजारात साल्वाडोरच्या निळीचा भाव पाडला होता. दोन्हीकडचा मजूर एकमेकांस ओळखत नव्हता, पण एकाच बाजाराच्या जात्यात दोघेही भरडले जात होते.

स्वातंत्र्य कसे आले?

तीनशे वर्षे ही भूमी स्पेनच्या ताब्यात होती. १५ सप्टेंबर १८२१ रोजी ग्वाटेमाला शहरात बड्या मंडळींची सभा भरली आणि स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. त्याचा मसुदा होसे सेसिलियो देल व्हाये या विद्वान वकिलाचा. या जाहीरनाम्याचे पहिलेच कलम वाचण्यासारखे आहे. त्याचा आशय असा की, स्वातंत्र्य ही लोकांची इच्छा आहे, तेव्हा ते आपणच घोषित करून टाकावे. कारण लोकांनी स्वतःच ते घोषित केले तर त्याचे परिणाम भयंकर होतील! श्रोतेहो, हे कोणा टीकाकाराने मागाहून काढलेले वाक्य नव्हे. ज्यांनी स्वातंत्र्य दिले त्यांनीच ते आपल्या हाताने लिहून ठेवले आहे. आणि नव्या सरकारचा प्रमुख कोण? तर गाबिनो गाइन्झा, म्हणजे कालपर्यंत स्पेनच्या राजाच्या वतीने कारभार पाहणारा तोच अधिकारी. मालक बदलला, मुकादम तोच राहिला.

ही बातमी कोस्टा रिकातील कार्तागो गावी १३ ऑक्टोबरला पोहोचली, म्हणजे २८ दिवसांनी. आपण स्वतंत्र झालो हे कळायलाच तिथल्या लोकांना जवळजवळ महिना लागला. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे जे घडले त्यात या खेचरांच्या वाटांचाही हात आहे.

तीन-साडेतीन महिन्यांत बड्या मंडळींना नवी धास्ती वाटू लागली. जानेवारी १८२२ मध्ये त्यांनी सगळा प्रदेश मेक्सिकोत इतुर्बिदेने उभारलेल्या नव्या साम्राज्याला जोडून दिला. सान साल्वाडोर शहराने मात्र ते मानले नाही. तेथे मेक्सिकोच्या फौजेला लढून शिरावे लागले. लगेच १८२३ च्या मार्च महिन्यात बादशहाच गादीवरून उतरला. मग प्रांतांचे प्रतिनिधी जमले आणि १ जुलै १८२३ रोजी त्यांनी स्पेन, मेक्सिको आणि इतर कोणाच्याही सत्तेपासून पूर्ण स्वातंत्र्य पुकारले. मध्य अमेरिकेच्या संघराज्याचा जन्म हा असा झाला.

चांगले होते ते चांगलेच म्हटले पाहिजे

या संघराज्याची थट्टा करणारे पुष्कळ झाले. आम्ही त्यांतले नव्हे. या सभेत बसलेल्या माणसांमध्ये खरी माणुसकी होती. होसे सिमिऑन कान्यास नावाचे एक वृद्ध धर्मगुरू आजारी असताना सभेत आले आणि त्यांनी मागणी केली की दुसरे काहीही काम करण्याआधी आपल्या गुलाम बांधवांना मुक्त करा. १७ एप्रिल १८२४ रोजी गुलामगिरी कायद्याने बंद झाली. उत्तरेकडच्या बलाढ्य संयुक्त संस्थानांना हे करायला १८६५ साल उजाडावे लागले, आणि तेही लाखो माणसे युद्धात मेल्यावर. आपल्या महात्मा फुल्यांनी १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या त्या संयुक्त संस्थानांतील लोकांना अर्पण केले, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्याही एकेचाळीस वर्षे आधी या लहानशा गरीब देशाने तेच पाऊल टाकले होते. शेजारच्या बेलीझमधून इंग्रजांचे गुलाम पळून सरहद्द ओलांडीत. इंग्रज त्यांना परत मागत, आणि हे संघराज्य त्यांना परत देत नसे. एवढ्या एका गोष्टीसाठीही त्याचे नाव इतिहासात राहिले पाहिजे.

२२ नोव्हेंबर १८२४ रोजी संघराज्याची घटना झाली. निळा-पांढरा-निळा झेंडा ठरला. बोधचिन्हात दोन समुद्रांच्या मध्ये ओळीने उभे पाच ज्वालामुखी, आणि ब्रीद ‘ईश्वर, ऐक्य, स्वातंत्र्य’. पदव्या आणि बहुमानाची संबोधने रद्द झाली. प्रत्येकजण नुसता ‘नागरिक’. कागदावर याहून सुंदर फेडरेशन शोधून सापडणार नाही.

यंत्र होते, वाफ नव्हती

आता या यंत्राच्या आत डोकावून पाहू. दर ३०,००० लोकांमागे १ प्रतिनिधी अशी लोकसभा. त्यामुळे सर्वांत मोठ्या ग्वाटेमाला राज्याच्या जागा सर्वांत जास्त, आणि बाकीच्या चौघांच्या मनात पहिल्या दिवसापासून संशय. त्यावर तोडगा म्हणून प्रत्येक राज्याचे दोन याप्रमाणे सेनेट. कायद्याला मंजुरी सेनेटची. अध्यक्षाला कायदा नामंजूर करण्याचा अधिकार नाही. त्याने फक्त अंमल करायचा. निवडणूक थेट नव्हे : लोकांनी निवडायचे निवडणारे, त्यांनी निवडायचे आणखी निवडणारे, त्यांनी निवडायचा प्रतिनिधी. ज्याच्या नावाने राज्य चालायचे तो खेड्यातला माणूस प्रतिनिधीपासून तीन पायऱ्या खाली उभा.

संघराज्याला स्वतःची भूमी नव्हती. संघाचे सरकार आणि ग्वाटेमाला राज्याचे सरकार एकाच शहरात नांदू लागले. संघ म्हणजे दुसऱ्याच्या घरात राहणारा भाडेकरू. आणि भाडेकरूच्या खिशात काय होते? बंदरावरची जकात, तंबाखूचा मक्ता, बंदुकीची दारू आणि टपाल, एवढीच संघाच्या उत्पन्नाची साधने. त्यांनी भागत नसे. उरलेला खर्च राज्यांनी आपापला वाटा पाठवून भागवायचा होता. वाटे ठरले, पाठवले फार थोड्यांनी, आणि तेही थोडेच. तंबाखूचे उत्पन्न तर राज्ये वाटेतच अडवून ठेवू लागली.

फेडरेशनच्या कचेरीत आम्ही काही वर्षे काढली आहेत. कोणत्या ते सांगण्याचे कारण नाही. तेथे ठराव एकमताने होत. झेंडा होता, शिक्का होता, वार्षिक अधिवेशनाला हारतुरे होते. प्रत्येक युनियनने आपल्या सभासदांमागे ठरलेली रक्कम मध्यवर्ती कचेरीला पाठवायची असा नियम होता. अधिवेशनात प्रतिनिधी किती पाठवायचे याचा हिशेब सभासदसंख्येवर. तेव्हा तीच युनियन आपले सभासद पाच हजार सांगे. वर्गणी भरायची वेळ आली की सभासद होत आठशे! चिटणिसाने विचारले तर उत्तर ठरलेले : “साहेब, आमच्याकडेच अजून वसुली झालेली नाही.” मध्य अमेरिकेच्या इतिहासात आम्ही जेव्हा राज्यांच्या या थकलेल्या वाट्यांविषयी वाचले, तेव्हा आम्हाला परका देश वाचतो आहोत असे वाटलेच नाही.

ज्याची वर्गणी येत नाही तो कर्ज काढतो. संघराज्याने लंडनच्या एका पेढीशी करार केला. कर्जाची दर्शनी रक्कम ७१ लाख पेसोंच्या वर. पण थोडेसेच रोखे खपतात न खपतात तोच पेढी बुडाली. संघराज्याच्या हाती प्रत्यक्ष पडले सुमारे सव्वातीन लाख पेसो. तारण म्हणून तंबाखू आणि जकातीचे उत्पन्न मात्र आधीच बांधून दिलेले. पुढे संघ मोडल्यावर या कर्जाचे १२ भाग पाडले : ५ ग्वाटेमालाच्या माथी, १ कोस्टा रिकाच्या, आणि बाकी तिघांच्या २-२. संघराज्य गेले, त्याचे देणे तेवढे मागे राहिले.

पहिली निवडणूक आणि पहिले युद्ध

१८२५ साली पहिला अध्यक्ष निवडायचा होता. देल व्हाये यांना ४१ मते पडली, मानुएल होसे आर्से यांना ३४. सरळ माणूस म्हणेल, देल व्हाये निवडून आले. पण लोकसभेने असा अर्थ काढला की बहुमत पडलेल्या मतांचे नव्हे, सगळ्या असणाऱ्या मतांचे हवे, आणि ते ४२ होते. एका मताने देल व्हाये उरले. निवड लोकसभेकडे गेली आणि तिने आर्से यांना अध्यक्ष केले. पडद्यामागे बोलणी झाली होती. ज्या संस्थेची पहिलीच निवडणूक संशयाची, तिच्या पुढच्या प्रत्येक निर्णयावर तो संशय सावलीसारखा पडतो. आमच्या कामगार-चळवळीतही याची उदाहरणे कमी नाहीत.

राजकारणात दोन पक्ष होते. एक उदारमतवादी : धर्मसत्तेचे वर्चस्व मोडावे, नवे कायदे करावे, राज्यांना मोकळीक द्यावी असे म्हणणारे. दुसरे सनातनी : जुनी घराणी, मोठे व्यापारी, धर्मपीठ. आर्से पहिल्यांच्या बळावर आले आणि दुसऱ्यांकडे झुकले. सप्टेंबर १८२६ मध्ये त्यांनी ग्वाटेमाला राज्याच्या प्रमुखालाच अटक केली. त्याचा दुय्यम सिरिलो फ्लोरेस केत्सालतेनांगो शहरात गेला असता धर्मवेडाने पेटलेल्या जमावाने त्याला देवळात ठार मारले. मग यादवी युद्ध सुरू झाले आणि ते १८२९ पर्यंत चालले.

मोराझान

या युद्धातून एक माणूस वर आला. फ्रान्सिस्को मोराझान. जन्म १७९२, होंडुरासमधील तेगुसिगाल्पा गावी. गावात धड शाळा नव्हती. हा एका नोटरीच्या कचेरीत कामाला लागला आणि नातलगांच्या ग्रंथसंग्रहातून रूसो, मॉन्तेस्क्यू वाचून शहाणा झाला. आमच्यासारख्या शाळेबाहेर शिकलेल्या माणसाला अशा पुरुषाविषयी जिव्हाळा वाटला तर आपण समजून घ्याल. नोव्हेंबर १८२७ मध्ये त्याने ला त्रिनिदादची लढाई जिंकली आणि एप्रिल १८२९ मध्ये ग्वाटेमाला शहर घेतले. त्याच वर्षी आर्चबिशप आणि मुख्य मठांतले साधू देशाबाहेर घालवले. १८३० साली तो संघराज्याचा अध्यक्ष झाला. तो शूर होता आणि ऐक्याविषयीची त्याची तळमळ खरी होती, हे त्याचे शत्रूही मान्य करीत. १८३४ च्या निवडणुकीत मात्र लोकांचा कौल देल व्हाये यांना मिळाला. फौजेचा सेनापती अध्यक्ष असताना एका पुस्तकी वकिलाने शांतपणे निवडणूक जिंकावी, ही त्या संघराज्याच्या आयुष्यातली फार मोठी घटना होती. पण सूत्रे हाती घेण्यापूर्वीच, मार्च १८३४ मध्ये देल व्हाये वारले. मोराझान पुन्हा अध्यक्ष झाला. संघाची राजधानी साल्वाडोरकडे हलवली गेली. भाडेकरूने घर बदलले. खिसा तोच राहिला.

खालच्या माणसाला काय मिळाले?

आता आम्ही या कथेच्या मुळाशी येतो. इतिहासकार सेनापती आणि अध्यक्ष यांच्याविषयी पुष्कळ लिहितात. आम्हाला सवय अशी लागली आहे की कोणताही करार हाती आला की आधी शेवटच्या श्रेणीचा रकाना पाहायचा. खालच्या माणसाला या संघराज्याने काय दिले?

साल्वाडोरमध्ये १८३३ साली अनास्तासिओ आकिनो नावाचा एक इंडियन मजूर उठला. तो निळीच्या मळ्यात राबणारा. कर वाढत होते, आणि फौजेचे लोक येऊन खेड्यातले तरणे पुरुष पकडून नेत होते. कोण कोणाशी लढतो आहे हे त्या पुरुषांना ठाऊकही नसे. आकिनोच्या मागे हजारो माणसे गेली. काही महिने सरकारी फौजेची त्याच्यापुढे मात्रा चालेना. शेवटी तो पकडला गेला आणि त्याच जुलै महिन्यात त्याला ठार मारून त्याचे शिर लोकांना दाखवायला टांगले. नऊ वर्षांपूर्वी गुलामगिरी बंद करणाऱ्या संघराज्यात हे घडले.

तिकडे ग्वाटेमालात १८३१ पासून मारियानो गाल्वेझ राज्यप्रमुख होते. हुशार, प्रामाणिक, सुधारणेचे वेडे. त्यांनी शाळा काढल्या, नोंदणीविवाह आणि घटस्फोट कायदेशीर केले, आणि एडवर्ड लिव्हिंग्स्टन या अमेरिकन कायदेपंडिताची दंडसंहिता आणली. १ जानेवारी १८३७ पासून पंचांपुढे न्याय सुरू झाला. यातली एकेक गोष्ट घ्या. वाईट एकही नाही. पण ज्या खेड्यात कोणाला वाचता येत नाही तेथे परक्या भाषेतली संहिता आली. नव्या पद्धतीला स्वतंत्र कोठड्यांचे तुरुंग हवेत, म्हणून तुरुंग बांधायला त्याच खेडुतांना वेठीस धरले. दर डोई २ पेसोंचा कर बसला. गावाच्या सामाईक वहिवाटीच्या जमिनी खासगी मालकीत जाऊ लागल्या, आणि पूर्वेकडची अफाट जमीन वसाहतीसाठी इंग्रज कंपनीला देण्यात आली. शेतकऱ्याने पाहिले ते एवढेच : माझी जमीन जाते, माझा कर वाढतो, माझा धर्मगुरू हद्दपार होतो, आणि माझ्याच हातांनी माझ्यासाठी तुरुंग बांधून घेतात.

अशातच १८३७ साली पटकीची साथ आली. सरकारने गावांची नाकेबंदी केली, पाण्यात औषधे टाकली. हेतू चांगला होता. पण ज्या सरकारने आजवर घेण्यासाठीच हात पुढे केला, त्याचा देणारा हात लोकांनी कसा ओळखावा? सरकारने पाण्यात विष कालवले अशी आवई उठली, आणि काही धर्मगुरूंनी ती पसरवली. डोंगराळ भागात बंड पेटले. त्याचा पुढारी राफाएल कारेरा. वय अवघे बावीस, पूर्वी फौजेत ढोल वाजवणारा, नंतर डुकरे राखणारा, अक्षरशत्रू. फेब्रुवारी १८३८ मध्ये त्याच्या लोकांनी ग्वाटेमाला शहर काबीज केले आणि गाल्वेझ यांची सत्ता गेली.

आता कोणी म्हणेल, लोक अडाणी होते, त्याला सुधारक काय करणार? हे वाक्य आम्ही कारखान्यातही ऐकले आहे. मालक म्हणतो, कामगार अडाणी. कधी कधी युनियनचा पुढारीही तेच म्हणतो. पण इतिहास पुढे काय सांगतो ते पाहा. कारेरा काही लोकशाहीवादी नव्हता. १८५४ साली तो तहहयात अध्यक्ष होऊन बसला, आणि धर्मपीठाला सगळे परत मिळाले. तरी त्याच्या राजवटीत इंडियन गावांच्या जमिनी बऱ्याच अंशी त्यांच्याकडे राहिल्या. तो १८६५ साली वारला. १८७१ नंतर उदारमतवादी परत आले, आणि कॉफीच्या मळ्यांसाठी त्याच जमिनी गेल्या, मळ्यांवर सक्तीची मजुरी कायद्याने लादली गेली. तेव्हा सांगा, १८३७ साली ज्या निरक्षर शेतकऱ्याला धोका दिसला, तो त्याला अगदीच चुकीचा दिसला होता काय?

शेवट

खालून जमीन खचली तेव्हा वरचा डोलारा झपाट्याने आला. एप्रिल १८३८ मध्ये निकाराग्वा बाहेर पडले. ३० मे रोजी संघाच्या लोकसभेनेच ठराव केला की राज्यांनी हवी तशी आपली व्यवस्था लावून घ्यावी. वर्षअखेरीपर्यंत होंडुरास आणि कोस्टा रिका गेली. ग्वाटेमालाच्या पश्चिम डोंगराळ भागाने ‘लॉस आल्तोस’ नावाचे सहावे राज्य काढले. कारेराने ते १८४० च्या जानेवारीत चिरडले. १ फेब्रुवारी १८३९ रोजी मोराझानची मुदत संपली, आणि पुढचा अध्यक्ष निवडायला कोणी उरलेच नव्हते.

याच वर्षी एक विलक्षण प्रसंग घडला. संयुक्त संस्थानांचे अध्यक्ष व्हॅन ब्यूरेन यांनी जॉन लॉइड स्टीफन्स या गृहस्थांना मध्य अमेरिकेच्या सरकारकडे वकील म्हणून पाठवले. आधी नेमलेला वकील निघण्यापूर्वीच वारला होता. स्टीफन्स आपली अधिकारपत्रे घेऊन खेचरावर बसून रानावनांतून सरकारचा शोध करीत हिंडले. वाटेत एका गावी त्यांनाच सैनिकांनी अडकवून ठेवले. ग्वाटेमाला शहरात कारेरा भेटला तेव्हा तो मेजाशी बसून चिल्लर मोजत होता. मोराझानही भेटला, पण पराभव होऊन माघार घेताना. शेवटी स्टीफन्स यांनी आपल्या सरकारला कळवले की पुष्कळ शोध केला, पण ज्याच्याकडे पाठवले ते सरकार कोठे आढळत नाही. याच प्रवासात त्यांनी कोपान येथील माया लोकांचे प्राचीन अवशेष पाहिले आणि जगापुढे आणले. हजार वर्षांपूर्वीच्या राज्याचे दगड त्यांना सापडले; पंधरा वर्षांपूर्वी घटना झालेले सरकार सापडले नाही.

मार्च १८४० मध्ये मोराझानने ग्वाटेमाला शहरावर अखेरचा हल्ला केला. शहर हाती आले, पण कारेराने बाहेरून वेढले, आणि थोड्या माणसांनिशी त्याला निसटावे लागले. तो परदेशी गेला. १८४२ मध्ये परत येऊन त्याने कोस्टा रिकाची सत्ता घेतली आणि संघ पुन्हा उभारण्यासाठी तेथल्या लोकांकडून पैसा आणि माणसे सक्तीने जमवू लागला. कोस्टा रिकाचे लोक उठले. १५ सप्टेंबर १८४२ रोजी, स्वातंत्र्याच्या एकविसाव्या वाढदिवशी, त्याला सान होसे शहरात गोळ्या घालण्यात आल्या. एवढा मोठा माणूस, पण वर्गणी शिपायांकरवी वसूल करण्याची रीत त्याला शेवटपर्यंत सोडवली नाही.

आमचा निष्कर्ष

संघ का मोडला, याची कारणे पुस्तकांत पुष्कळ दिली आहेत. वाटा वाईट होत्या, हे खरे. इंग्रजांचा प्रतिनिधी चॅटफील्ड शेवटी संघाविरुद्ध कारवाया करीत होता, हेही खरे. ग्वाटेमालाची भीती, धर्मपीठाचा विरोध, सेनापतींच्या महत्त्वाकांक्षा, सारे खरे. पण आमच्या अल्पबुद्धीला एक साखळी दिसते. ज्याला संघात आपले काही दिसत नाही तो खुशीने वर्गणी देत नाही. तो देत नाही म्हणून शिपाई पाठवून घ्यावी लागते. शिपायांना पोसायला आणखी वर्गणी लागते. आणि एक दिवस शिपाईही घरी निघून जातात, कारण ते त्याच खेड्यातले असतात.

ऐक्याची इच्छा मात्र तेथे मेली नाही. १८५६ साली विल्यम वॉकर नावाचा अमेरिकन साहसी निकाराग्वाचा मालक होऊन बसला आणि त्याने गुलामगिरी परत आणली, तेव्हा पाचही देशांच्या फौजा एकत्र येऊन त्याच्याशी लढल्या आणि १८५७ मध्ये त्याला घालवले. संकट प्रत्येकाच्या दारात आले, तेव्हा ऐक्य कोणाला समजावून सांगावे लागले नाही. त्यानंतरही संघ उभारण्याचे प्रयत्न झाले; १८८५ मध्ये बळाने, १८९६ आणि १९२१ मध्ये कराराने. एकही टिकला नाही. १९६९ मध्ये तर होंडुरास आणि साल्वाडोर यांचे आपसात युद्ध झाले, आणि त्याच्या मुळाशी होते होंडुरासमध्ये जमीन कसायला गेलेले गरीब साल्वाडोरी शेतकरी. पुन्हा तोच जमिनीचा, खालच्या माणसाचा प्रश्न. १९९१ पासून त्या देशांची एक समाईक संघटना आहे, आणि बहुतेकांच्या झेंड्यांत तोच निळा-पांढरा-निळा रंग अजून आहे.

आमच्या कार्यकर्त्यांना आम्ही एवढेच सांगत असतो : फेडरेशनचा ठराव करण्यापूर्वी गेटवर जा, आणि शेवटच्या खात्यातल्या बदली कामगाराला विचारा की याने तुझे काय भले होईल. त्याला दोन वाक्यांत सांगता आले, तर ठराव करा. त्याला सांगता आले नाही, तर आधी त्याच्यासाठी काहीतरी करा, मग ठरावाकडे वळा. मध्य अमेरिकेच्या शहाण्या, देशभक्त, प्रामाणिक पुढाऱ्यांनी आकिनोला हा प्रश्न विचारला नाही. लोकांनी स्वतः स्वातंत्र्य पुकारू नये म्हणून ज्यांनी ते घाईने पुकारले, त्यांना सतरा वर्षांनी कळले की लोकांवाचून ते सांभाळायलाही कोणी नसते.